पेरणीपूर्व सल्ला : बांध साफ करण्याआधी

पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत अनेक शेतकरी बांधावरचे गवत पेटवून देतात किंवा त्यावर तणनाशक फवारतात. त्यामुळे शेत स्वच्छ दिसते हे खरे. परंतु शेतजमिनीवर दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ज्या थोडक्या जागेत तग धरून असतात, ती जागा नेमकी हीच असते.

म्हणून बांध जाळू नयेत. गवत कमी करणे आवश्यकच असेल तर यंदा अर्धे बांध आणि पुढील वर्षी उरलेले, असे आलटून-पालटून, जमिनीपासून वीतभर उंची राखून विळ्याने कापावेत. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती असून त्यांतील बहुसंख्य पोळे न बांधता एकेकट्या राहतात. काही वाळलेल्या पोकळ काड्यांत, तर बऱ्याच जाती न नांगरलेल्या मातीत बिळे करून अंडी घालतात. काड्या जळाल्या की त्यांतील पुढची पिढी जळते, आणि बांध कोरून शेतात घेतला की मातीतली बिळेही मोडतात.

बांधालगतच्या डबक्यात उगवणारी पिकांची रानटी भावंडे हा आणखी मोलाचा ठेवा आहे. 1970 च्या सुमारास आशियातील भातावर ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूजन्य रोगाचे संकट आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. उपयोगी प्रतिकारशक्ती सापडली ती ‘ओरायझा निवारा’ या रानभाताच्या एका नमुन्यात, आणि तीच पुढे आयआर-36 सारख्या वाणांत उतरवली गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा रानभात निव्वळ तण आहे, आणि पिकाशी त्याचा संकर होत असल्याने शेतातून तो उपटलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र बांधापलीकडच्या पाणथळ जागेत तो असेल तर तेथे त्याला हात लावू नये.

नांगरताना जमिनीवरचे घरटे आढळल्यास भोवतीची काही हात जागा सोडून पुढे जावे. घरट्याजवळ ठळक झेंडा किंवा फडके लावू नये, कारण अशा खुणा कावळ्यांच्या लगेच लक्षात येतात. उंच चारा कापताना कडेकडून आत येऊ नये. तसे केल्यास पिल्ले मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडली जाऊन पात्याखाली सापडतात. मधून सुरुवात करून बाहेर गेल्यास त्यांना बांधाकडे निसटता येते. फुलोऱ्यातील पिकावर कीटकनाशक शक्यतो फवारू नये, आणि पर्यायच नसेल तर मधमाश्या परतल्यानंतर, सायंकाळी उशिरा फवारावे.

पशुपालकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. दक्षिण आशियातील गिधाडांच्या तीन जाती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आल्या, हे 2004 मध्ये स्पष्ट झाले. हे औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. भारताने 2006 मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. पशुवैद्यकाकडे गिधाडांसाठी सुरक्षित असलेल्या मेलॉक्सिकॅमची मागणी करावी.

आता घरच्या बियाण्याविषयी. जुना वाण एखाद-दुसऱ्या घरातच उरला असेल तर तो संकटग्रस्तच समजावा आणि यंदा थोड्या जागेत तरी पेरावा, कारण डब्यात ठेवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती वर्षागणिक घटत जाते. भातासारख्या स्वपरागीभवन होणाऱ्या पिकाला दुसऱ्या वाणापासून सुमारे 3 मीटर अंतर पुरते. मक्याचे परागकण मात्र वाऱ्याने दूर जातात. तेथे किमान 200 मीटर अंतर ठेवावे, किंवा फुलोऱ्याचा काळ जुळणार नाही अशा बेताने पेरणीची तारीख बदलावी. मक्याचे बियाणे चार-दोन सुंदर कणसांवरून धरू नये. शक्य तितक्या जास्त, निदान शंभर निरोगी झाडांचे दाणे एकत्र करावेत, अन्यथा वाण काही पिढ्यांत दुबळा होतो.

साठवणीत ओलावा हाच मुख्य शत्रू असतो. ढोबळ नियम असा, की दाण्यातील ओलावा 1 टक्क्याने कमी झाला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. दाणा दाताखाली वाकला तर आणखी वाळवावा. टचकन फुटला तर हवाबंद डब्यात भरावा. फणस, आंबा, जांभूळ यांना हा नियम लागू नाही. त्यांचे बी सुकले की मरते, म्हणून फळातून काढताच रोपवाटिकेत लावावे.

भरलेल्या डब्यावर वाणाचे नाव, काढणीचे वर्ष आणि शेताची जागा लिहावी. नंतर त्यातील निम्मे बियाणे दुसऱ्या गावातील विश्वासू शेतकऱ्याकडे ठेवावे. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळील बियाणे संग्रह वापरता येईनासा झाला, तेव्हा नॉर्वेतील स्वालबार्डच्या बीजकोठारात ठेवलेल्या जोडनमुन्यांमधून 2015 मध्ये बियाणे परत मिळवता आले. तेथे उणे 18 अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. आपल्याकडे तशी सोय नसली तरी दुसरे घर निश्चित मिळते, आणि ही वाटणी पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीच उरकावी.