‘झाक मीअ बशाइट’ : जर्मनमध्ये ‘कल्पना दे’ कसं म्हणायचं

जर्मनीत नर्स म्हणून येणाऱ्या आपल्या मुलींना मी सगळ्यात आधी हे एक वाक्य पाठ करायला सांगते: झाक मीअ बिटं बशाइट. मला कळव हं, मला कल्पना दे. वॉर्डात ते दिवसातून वीसदा तरी कानावर पडतं.

मी सांगलीची. इथे येण्याआधी ‘बशाइट’ हा शब्द मला एकाच अर्थाने माहीत होता. आपली नर्सिंगची पदवी इथल्या मान्यता कार्यालयाकडे पाठवली की ‘डेफित्सिटबशाइट’ येतो, म्हणजे तुमच्या शिक्षणात काय कमी पडतं ते सांगणारा निर्णयाचा कागद. त्यामुळे बशाइट म्हणजे सरकारी कागद, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात सीनियर सिस्टर म्हणाली, “झाक मीअ बशाइट, वेन एअ त्सुरुक इस्ट.” म्हणजे, ते परत आले की मला कळव. वॉर्डातले एक पेशंट आजोबा एक्स-रेला गेले होते. मी मान डोलावली. आजोबा परत आल्यावर मी त्यांच्या फाइलमध्ये कुठला कागद आलाय ते शोधत बसले. सिस्टरला वाटलं, ते अजून खालीच आहेत. ऑपरेशनला एकच दिवस झालेला तो माणूस वेदनेच्या गोळीसाठी 40 मिनिटं पलंगाची कड धरून बसला होता. ते हात मला अजून दिसतात.

म्हणून ‘बशाइट’चा अर्थ ‘माहिती’ असा घोकू नका. आपल्याकडे ‘डॉक्टरांना कल्पना द्या’ म्हणतो ना, ती ‘कल्पना’ म्हणजे बशाइट. कल्पना देणं म्हणजे ‘बशाइट झागन’ किंवा ‘बशाइट गेबन’. कल्पना असणं म्हणजे ‘बशाइट विसन’: “डेअ आर्त्स्ट वाइस बशाइट”, डॉक्टरांना कल्पना आहे. एकदा ही जोडी जमली की वाक्य आपोआप सुचतं.

आता उच्चार. ‘झाक’मधला झ आपल्या ‘झाड’मधला. लिहिताना शेवटी जी असतो, पण शब्दाच्या शेवटी तो ‘क’ होतो. तसाच ‘बशाइट’च्या शेवटचा डी ‘ट’ होतो. जोर ‘शाइट’वर द्या, ‘ब’ निसटता ठेवा.

सगळ्यात जास्त चूक ‘मला’ची होते. मराठीत ‘तो मला बघतो’ आणि ‘तो मला पुस्तक देतो’, दोन्हीकडे ‘मला’च. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी ‘मिश’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मीअ’. कल्पना कुणाला तरी द्यायची असते, म्हणून इथे नेहमी ‘मीअ’. ‘झाक मिश बशाइट’ म्हटलं की कानाला लगेच खटकतं.

पेशंटशी बोलताना ‘तुम्ही’ आलंच: “झागन झी मीअ बिटं बशाइट, वेन झी श्मेर्त्सन हाबन.” दुखलं की मला सांगा. ‘वेन’नंतर क्रियापद शेवटी जातं, अगदी आपल्या मराठीसारखं, त्यामुळे हे आपल्याला जड जात नाही. फक्त ‘वेन’ आणि ‘ओप’मध्ये गल्लत करू नका. ‘येतेस की नाही ते कळव’ म्हणायचं असेल तर “झाक मीअ बशाइट, ओप डू कोम्स्ट.” तिथे ‘वेन’ घातलंत तर ‘आलीस की कळव’ असा अर्थ होतो.

उत्तर द्यायलाही शिका. “माख इश”, करते. किंवा “इश झाक डीअ ग्लाइश बशाइट”, लगेच कळवते. नुसती मान डोलावू नका. समजलं नसेल तर तिथल्या तिथे विचारा, इथे त्याचा कुणाला राग येत नाही.

एक सावधगिरी. रागाने, जोर देऊन कुणी “डेम झाक इश बशाइट!” म्हणालं तर तो निरोप नसतो. ‘त्याला चांगलं सुनावतेच’ असा त्याचा अर्थ असतो. आणि नोकरी सोडायची नोटीस द्यायची असेल तर हा शब्द चालत नाही, त्याला ‘क्युन्डिगन’ म्हणतात.

रात्रपाळीला जाताना आई फोनवर म्हणायची, “पोचलीस की कळव गं.” आता उशिरा ड्यूटी संपली की तीच सीनियर सिस्टर कोट घालता घालता म्हणते, “झाक बशाइट, वेन डू त्सु हाउझं बिस्ट.” घराचं दार लावलं की मी तिला दोनच शब्द पाठवते: बिन डा. पोचले.