ॲसिडिटी म्हणून कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं

औषध नंतर, आधी ईसीजी. छातीत जळजळतंय, ढेकर येतायत म्हणत आलेला माणूस हार्ट अटॅकचा निघू शकतो, म्हणून आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी हातात पाहिजे, आणि अँटासिड पाजल्यावर बरं वाटलं म्हणजे ॲसिडिटीच होती असं अजिबात धरायचं नाही, हार्टच्या दुखण्यातही तेवढ्यापुरतं बरं वाटतं कधीकधी.

ते क्लिअर झालं की बघा, आराम किती लवकर हवाय. आत्ताच्या आत्ता हवा असेल तर साधं पातळ अँटासिड, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं. पोटात असलेलं ॲसिड ते तिथल्या तिथे मारतं, त्यामुळे काही मिनिटांत फरक पडतो, पण पोट रिकामं असेल तर अर्धा-एक तासात असर संपतो. काहीजण त्यात लिडोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, मिसळतात. चव कडू, घसा बधिर, आणि नुसत्या अँटासिडपेक्षा फार फायदा होत नाही, मी तर मिसळणं सोडूनच दिलं.

मग फॅमोटिडिन, पोटात ॲसिड बनणंच कमी करणारं औषध, शिरेतून 20 मिलिग्रॅम. अर्ध्या तासात लागू पडतं आणि 10-12 तास टिकतं, म्हणजे रात्र निघते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी. रोज घेत राहिलं तर थोड्याच दिवसांत असर कमी होतो. त्याच जातीचं रॅनिटिडिन हातात घेऊ नका, एनडीएमए (कॅन्सर होऊ शकेल असा घटक) सापडल्यामुळे अमेरिकेत 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं.

आणि सगळ्यांचं लाडकं पॅन्टोप्राझोल. इंजेक्शन दिलं की लगेच थंड वाटेल अशी पेशंटची (आणि खरं सांगायचं तर आपलीही) समजूत असते, पण हे औषध फक्त चालू असलेले ॲसिडचे पंप बंद करतं, आधीच तयार झालेल्या ॲसिडचं काहीच करत नाही. गोळीचा पूर्ण असर यायला 3-5 दिवस लागतात. म्हणून नुसत्या जळजळीला मी अँटासिड पाजते आणि पॅन्टोप्राझोलची गोळी घरी घ्यायला लिहून देते, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, नंतर घेतली तर निम्मी वाया.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पॅन्टोप्राझोल 80 मिलिग्रॅम शिरेतूनच, तोंडाने काही नाही, आणि एंडोस्कोपीवाल्यांना लगेच फोन.

क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) चालू आहे का तेही विचारा, असेल तर पॅन्टोप्राझोलच्याच जातीचं ओमेप्राझोल नको, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, पॅन्टोप्राझोल चालतं.