रंगीत खाऊ घेण्याआधी वेष्टनावरचे आकडे पाहावेत

अतिचंचल आणि एकाग्रता न टिकणाऱ्या मुलांपैकी काहींची चुळबूळ कृत्रिम खाद्यरंगांमुळे वाढते. मात्र आपल्या मुलाचे तसे होते की नाही, हे अंदाजाने ठरत नाही; ते घरीच असे पडताळून पाहावे.

१. १०२, ११०, १२२ आणि १२४ हे कृत्रिम खाद्यरंगांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवावेत. नाशिकच्या रविवार कारंजावर खरेदी करताना गोळ्या, जेली किंवा सरबताच्या वेष्टनावर ‘आयएनएस’ (खाद्यपदार्थांत मिसळलेल्या घटकांची आंतरराष्ट्रीय क्रमांक-पद्धत) या अक्षरांपुढे बारीक अक्षरांत ते दिसले, तर ती वस्तू दोन-तीन आठवडे घरी आणू नये. (युरोपीय संघात या चारांसह सहा रंगांबाबत मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणे २०१० पासून सक्तीचे आहे.)

२. गोदाघाटावरच्या बर्फाच्या गोळ्याला वेष्टनच नसते, म्हणून तोही तेवढ्यापुरता बंद. डब्यात बेदाणे किंवा शेंगदाण्याचा लाडू द्यावा.

३. झोप, चिडचिड आणि गृहपाठाला बसण्याचा वेळ रोज एका ओळीत वहीत लिहावा. शिक्षकांनाही कारण न सांगता मत विचारावे, कारण घरच्यांना बहुधा हवे तेच दिसते. त्यानंतर रंगीत खाऊ पुन्हा देऊन नोंदी ताडून पाहाव्यात. फरक नसेल, तर पथ्य खुशाल सोडावे.

डॉक्टरांनी दिलेले औषध या काळात बंद करू नये, आणि दूध, गहू, अंडी यांसारखे मुख्य अन्न आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय तोडू नये.