शीट पाइल मारताय? पुण्यात या चुका टाळा

पुण्यात बेसमेंटसाठी शीट पाइल (खड्ड्याची बाजू धरायला जमिनीत ठोकलेले, एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे) लावायची की नाही, हे कॅटलॉग बघून ठरवू नका. आधी बोअर घ्या, म्हणजे भोक पाडून खाली काय आहे ते बघा. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. वर काळी माती, मग मुरूम, आणि कुठे कुठे आठ-दहा फुटांवरच कातळ. नदीकाठी गाळ खोल असतो, तिथं ही पाइल खरी शोभते. कोपऱ्यात एक बोअर घेऊन भागवणंही चूकच, कारण एकाच प्लॉटमध्ये कातळ वरखाली होतो.

मी केलेली चूक याहून महाग पडली. मुठेजवळच्या एका साइटवर व्हायब्रो हॅमर (थरथरवून पाइल खाली घालणारं यंत्र) गुरगुरत होता, पाइल मात्र तसूभर खाली जाईना. मिस्त्री म्हणाला, "साहेब, अजून दोन मिनिटं देऊ का?" मी मान डोलावली. नंतर उपसून बघितली तर खालचं टोक जुन्या डब्याच्या पत्र्यासारखं मुडपलेलं आणि शेजारच्या पाइलशी असलेलं लॉक सुटलेलं. पाइल अडली की हॅमर थांबवायचा, एवढं साधं होतं.

बरं, न मुडपता कातळावर नुसती टेकली तरी धोका टळत नाही. तळाला पकड नसते; खोदाई तिथवर पोचली की पाइलचा पाय आत सरकतो. वरचे वेलर (पाइलना धरणारे आडवे बीम) आणि स्ट्रट (त्यांना आतून दिलेले टेकू) कितीही जाड घाला, पाय धरला जात नाही. प्री-बोअर करून, म्हणजे आधी भोक पाडून, पाय कातळात रोवा, नाहीतर तळ उघडण्याआधी खाली आणखी एक स्ट्रट द्या. कातळ फारच वर असेल तर शीट पाइलचा नाद सोडा.

लॉकमधून थोडं पाणी झिरपणारच. ते काचेच्या ग्लासात धरून दहा मिनिटं ठेवा. स्वच्छ असेल तर बाहेरच्या बाजूनं सांध्यालगत लाकडाचा बारीक भुसा सोडा. पाण्याबरोबर तो आत ओढला जाऊन फट बुजते. ग्लासाच्या तळाला माती बसली तर मात्र खोदाई थांबवून आधी गळती बंद करा, कारण शेजारच्या रस्त्याखाली पोकळी होतेय.

एप्रिलच्या कोरड्या खड्ड्यावर केलेलं डिझाइन जुलैत चालत नाही. बाहेर पाणी तीन मीटर वर असेल, तर खाली प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे तीन टन दाब नुसत्या पाण्याचा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठचं भूजलही चढतं. त्यात खड्ड्याच्या काठावर उपसलेली माती आणि काँक्रीटनं भरलेला ट्रान्झिट मिक्सर, यांचं ओझं तर नकोच.

पेठेत शेजारी जुना वाडा असेल तर हॅमर लावण्याआधी त्याच्या भेगांचे तारखेसह फोटो काढा. शक्य तिथं पाइल दाबून बसवणारं मशीन आणा.

आणि राफ्ट (बेसमेंटच्या तळाचा काँक्रीटचा जाड स्लॅब) झाला म्हणून लगेच पाणी उपसणारा पंप बंद करू नका. वरचं वजन पुरेसं नसेल तर पाणी राफ्ट उचलतं. पंप कधी थांबवायचा ते डिझायनरकडून लिहून घ्या, ठेकेदाराचं डिझेलचं बिल बघून ठरवू नका.