कडक पथ्यात रोज नवं काय करायचं?

साधारण अकराव्या दिवशी हे होतं. फ्रिज उघडायचा. समोर कोबी, अंडी, उकडलेले बटाटे, कालचं चिकन. सगळं चालण्यासारखं, आणि खावंसं मात्र काहीच वाटत नाही. दार लावायचं, दोन मिनिटांनी पुन्हा उघडायचं, जणू मधल्या वेळात आत काही नवीन येऊन बसणार आहे. साखर, धान्य, कडधान्यं, दूध-दही-चीज आणि पाकिटातलं तयार अन्न हे सगळं एकदम बंद करणारी तीस दिवसांची पथ्यं ज्यांनी केली आहेत, त्यांना ही उघडझाप पाठ असेल. मी अशा सहा फेऱ्या पूर्ण केल्या आहेत आणि एक अर्ध्यात सोडली आहे. सोडली ती कंटाळ्यापायी. पोट तर भरत होतं.

म्हणून ‘रंगीबेरंगी खा’, ‘महिनाभराचा मेनू आधीच ठरवा’ असले सल्ले ऐकले की आता माझं डोकं फिरतं. आठवड्याचे एकवीस वेगळे पदार्थ ठरवले की तेवढ्याच भानगडीची खरेदी होते, गुरुवारपर्यंत पालेभाजीच्या जुड्या पिवळ्या पडतात आणि शुक्रवारी माणूस उकडलेल्या अंड्यावर मीठ टाकून ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवतो. (मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, किंवा खाण्याशी जोडलेला एखादा जुना त्रास असेल तर असलं पथ्य डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. ते विचारून झालंय असं धरून पुढे लिहिते.)

कंटाळा नेमका कशाचा येतो?

१९८१ साली माणसाच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक पदार्थ पोटभर खायला दिला आणि मग वेगवेगळे पदार्थ चाखून ते किती आवडतात हे विचारलं. जो खाल्ला होता त्याची आवड झपाट्याने उतरली होती, न खाल्लेल्यांची फारशी नाही. पुढच्या वर्षीच्या एका प्रयोगात पास्ता तोच ठेवून नुसते त्याचे आकार बदलले, तरी लोकांनी जास्त खाल्लं. हे निष्कर्ष एका जेवणापुरते आहेत, पण महिन्याच्या हिशेबातही मला तेच दिसत आलंय. चालणाऱ्या वस्तू कमी आहेत याचं जिभेला एवढं दुःख नसतं. तोच पोत, तोच आकार आणि तोच वास रोज समोर आला की ती विटते. एकदा हे लक्षात आलं की दहा-बारा जिन्नसांवर महिना निघतो.

सुरुवातीची कामं दोन, दोन्ही सोपी. काय चालतं याची यादी करून फ्रिजच्या दारावर लावा. काय चालत नाही याची यादी लावू नका, ती तशीही डोक्यात घोकली जातेच. बटाटा, तूप, मध यांच्याबाबत प्रत्येक पथ्याचे नियम वेगळे असतात, ते एकदाच नीट वाचून टाका.

दुसरं, ‘पथ्याच्या पाककृती’ शोधणं थांबवा. तिथे तुमच्यासारखेच कंटाळलेले लोक एकमेकांना त्याच पंधरा पदार्थांचे फोटो दाखवत असतात. नेहमीचं, जाडजूड, पथ्याशी काडीचाही संबंध नसलेलं पाककृतींचं पुस्तक घ्या आणि मागच्या सूचीत जिन्नसाचं नाव काढा: कोबी, भोपळा, अंडी, मासे. सूप, सॅलड, मासे आणि अंडी या प्रकरणांत तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त सापडेल, कारण तिथे पीठ आणि साखर मुळातच कमी असते.

आता खरी मेख

साध्या पुस्तकातली पाककृती घेतली की त्यात दोन-तीन जिन्नस बंदीचे निघणारच. त्यांचं काय करायचं, इथे मी पहिल्या दोन फेऱ्या वाया घालवल्या. माझी पद्धत सरळ होती. बंदीचा जिन्नस काढायचा आणि त्याच्यासारखा दिसणारा चालणारा जिन्नस त्याच प्रमाणात घालायचा. गव्हाच्या पिठाऐवजी बदामाचं, साखरेऐवजी खजूर, चीजऐवजी वाटलेले काजू.

त्यातून फ्लॉवरचा पिझ्झा जन्माला आला. एक अख्खा फ्लॉवर किसला, वाफवला, पंचात बांधून मनगटं दुखेपर्यंत पिळला, अंडं घालून थापला, भाजला. कडा करपल्या, मधला भाग कागदाला चिकटला आणि उलथन्यावर आला तो ओला, गंधकाचा वास मारणारा लगदा. दीड तास गेला. चव वाईट होती हे सोडा, पण तो खाताना संपूर्ण वेळ मला खऱ्या पिझ्झ्याची आठवण येत राहिली, आणि आठवडाभर मनात न आलेली इच्छा त्या रात्री छळू लागली. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: पथ्याच्या दिवसांत पाव, केक, पिझ्झा, पॅनकेक यांच्या नकला करायच्या नाहीत. सामान चालणारं असलं तरी नाही. ज्याची नक्कल करतो तेच डोक्यात घर करून बसतं.

मग करायचं काय? हातात पेन्सिल घ्या. पाककृतीतल्या बंदीच्या जिन्नसाभोवती गोल करा आणि बाजूला एका शब्दात लिहा की हा इथे काय काम करतोय. जिन्नस काढला तरी त्याचं काम उरतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं. ‘सारखा दिसणारा’ शोधलात की फसलात.

टोमॅटोच्या सॉसमध्ये चमचाभर साखर असते. तिचं काम गोडवा आणणं नसून आंबटपणाला आवर घालणं आहे. ते काम मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतलेला कांदा करतो, किसलेलं गाजर करतं, किंवा टोमॅटो आधी ओव्हनमध्ये आटवून घेतले तरी होतं. खजूर घातला तर सॉस मिठाईसारखा लागतो. मी लावून पाहिलाय. पण मांसावर चढवायच्या चकचकीत पाकात साखर हेच सगळं असतं. तिथे पर्याय शोधत बसू नका, पान उलटा.

रश्श्यातलं दोन चमचे पीठ दाटपणासाठी असतं. त्याच रश्श्यातल्या शिजलेल्या कांदा-गाजराच्या दोन पळ्या काढून वाटून परत घाला, दाटपणा येतो. इथे माझी एक फजिती सांगते. कुणीतरी म्हणालं, उकडलेला बटाटा मिक्सरमधून काढून घाल. मी पाणी घालून मिनिटभर फिरवला आणि भांड्यातून जे निघालं ते पोस्टर चिकटवायला उत्तम होतं. बटाट्याच्या पेशी पात्यांनी फाटतात, आतला स्टार्च बाहेर पडतो आणि त्याचा डिंक होतो. बटाटा घालायचाच तर हाताने कुस्करून. मिक्सरमध्ये फ्लॉवर बिनधास्त फिरवा, त्यात स्टार्च नावापुरताच असतो.

तेच पीठ माशाच्या तुकड्याला वरून लावलेलं असेल तर त्याचं काम निराळं: ओल शोषायची, म्हणजे कड कुरकुरीत होते. मासा कागदी टॉवेलने टिपून खरोखर कोरडा केला आणि तवा नीट तापवला तर पिठाशिवाय भागतं. ‘टिपून’ म्हणजे एकदा पुसून नाही. दोन्ही बाजू, दोनदा.

सॅलडवर चुरलेलं चीज हे मीठ, थोडा आंबटपणा आणि स्निग्धपणा अशी तीन कामं एकदम करतं. ऑलिव्ह आणि भाजलेले अक्रोड मिळून ती तिन्ही उरकतात, आणि ते चीजसारखे दिसत नाहीत हीच त्यातली जमेची बाजू. सोया सॉसचं काम मीठ आणि उमामी, म्हणजे ती खोल, मांसल चव. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यातून या चवीमागचं ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोत ते भरपूर असतं, आणि सुक्या मशरूममधली द्रव्यं त्याची चव आणखी वर उचलतात. मूठभर सुके मशरूम गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, ते तपकिरी पाणी गाळून घ्या, तळाशी रेती असते ती येऊ देऊ नका, आणि टोमॅटो असलेल्या कुठल्याही पदार्थात घाला.

पाककृती कधी सोडायची? बंदीचा जिन्नस पदार्थाच्या नावातच असेल तर सोडा. तो वजनाने सगळ्यात जास्त असेल तर सोडा. दोनपेक्षा जास्त गोल पडले तरी सोडा, मग फोटो कितीही देखणा असो. हा शेवटचा नियम मी अजूनही अधूनमधून मोडते आणि दर वेळी पस्तावते. पुस्तकात पुढचं पान असतंच.

शेवटी चाखताना ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटलं की लोक मसाल्याच्या डब्याकडे धावतात. थांबा. चमचाभर पदार्थ वाटीत बाजूला काढा, त्यात लिंबाचे दोन थेंब पाडा, चाखा. नाही जमलं तर दुसऱ्या चमच्यात मीठ. मग तेल. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोनांत सापडतं. आख्ख्या पातेल्यावर प्रयोग करू नका.

आच बदला

हे त्या मानाने सोपं, पण लोक करतच नाहीत. कोबी बारीक चिरून परतला तर एक पदार्थ. तोच कच्चा, केसासारखा चिरून, मीठ लावून हाताने चोळला आणि पंधरा मिनिटं ठेवला तर दुसरा. तिसरा माझा लाडका: गड्ड्याच्या बुडखा न काढता तीन बोटं जाड फाका करायच्या, म्हणजे पानं सुटत नाहीत. जाड बुडाचा तवा तापवून, तेल घालून फाका पालथ्या ठेवायच्या आणि सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. अजिबात नाही. कडा काळ्या झाल्याचं दिसलं की उलटायचं, दोन चमचे पाणी शिंपडून झाकण, पाच मिनिटं. आतून लोण्यासारखा, बाहेरून करपट-गोड. हा आणि परतलेला कोबी एकाच गड्ड्याचे आहेत हे खाणाऱ्याला सांगावं लागतं.

भाजल्याचा तो वास आणि रंग साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे झपाट्याने येतो, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही. म्हणून ट्रेमध्ये भाज्यांची गर्दी केली की त्या स्वतःच्याच वाफेत शिजतात आणि दवाखान्यातल्या जेवणासारख्या लागतात. दोन ट्रे घ्या, ओव्हन २२० वर ठेवा.

दोन बाटल्या

आठवड्याला दोन सॉस, जास्त नाहीत. एक हिरवा: कुठलीही कोवळी, वासाची पानं, लिंबू, मीठ, तेल, लसूण. दुसरा दाट: तीन उकडलेल्या अंड्यांचे बलक, मोहरीची पेस्ट, लिंबू आणि थेंबाथेंबाने घोटत घातलेलं तेल. कच्च्या अंड्याचा मेयोनेज सुबक होतो हे खरं, पण लहान मुलं, वयस्कर किंवा आजारी माणसं जेवायला असतील तर उकडलेलाच बरा. मोहरीच्या पेस्टच्या बरणीमागची घटकांची यादी वाचा, साखर तिथेही घुसलेली असते; डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही तिचीच गणगोत मंडळी.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर, ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या, आंबटपणा नसलेल्या अशा तेलात बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जिवाणू वाढू शकतात, आणि त्याचा ना वास येतो ना रंग बदलतो. हिरवा सॉस फ्रिजमध्येच, चार दिवसांत संपवायचा. उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा.

उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी त्याच रूपात वाढायचं नाही, आकार तरी बदला. दर आठवड्याला कधीच न आणलेली एक भाजी आणा, एकच.

आणि एक वही ठेवा. रोज एक ओळ: जिन्नस, आच, सॉस. सुचेनासं झालं की वही उघडायची आणि त्या तिन्हींपैकी एकच गोष्ट बदलायची. माझ्या मागच्या फेरीच्या वहीत नवव्या दिवशी लिहिलंय, ‘कोबी, काळ्या कडांचा, अंड्याचा सॉस. पुन्हा करणे.’ बाराव्या दिवशी, ‘कोबी, तोच. अजून छान.’ चौदाव्या दिवशी, ‘कोबी, तोच. आता पुरे.’ आणि पंधराव्या दिवशी, वेगळ्या अक्षरात, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी: ‘आभारी आहे.’