ग्लासात फेस टिकत नाही? बिअर ओतून देण्याआधी या चुका टाळा

बिअर सपक लागली, फेस ओतल्याबरोबर विरला किंवा वासात काही वावगे जाणवले की संशय पहिल्यांदा बाटलीवर जातो. प्रत्यक्षात अशा अनेक तक्रारींचे मूळ ग्लासात किंवा हौसेने आणलेल्या एखाद्या उपकरणात सापडते, आणि म्हणूनच बिअरला दोष देण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो.

सर्वांत मोठी चूक ग्लास धुण्यातच होते. माझ्या घरी एका काळात कोणतीही बिअर ओतली तरी फेस मिनिटभरात बसत असे. मी ब्रँड बदलले, ओतण्याची पद्धत बदलली, आणि शेवटी लक्षात आले की तेलकट कढई ज्या घासणीने घासली जात होती, तिनेच ग्लासही धुतले जात होते. माल्टमधील (मोड आणून वाळवलेल्या धान्यातील) प्रथिने आणि हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधील) कडू आम्ले मिळून प्रत्येक बुडबुड्याभोवती एक पातळ पापुद्रा धरतात, आणि स्निग्ध पदार्थाचा डोळ्यांना न दिसणारा अंशही तो पापुद्रा फोडायला पुरेसा असतो. लिपस्टिक, ओठांवरचे मलम आणि तेलकट खाणे यांचाही परिणाम असाच होतो. त्यामुळे बिअरच्या ग्लासांसाठी मऊ घासणी वेगळी ठेवावी, बिनवासाचा साबण अगदी थोडा वापरावा, ग्लास भरपूर पाण्याने खळबळून घ्यावा आणि हवा खेळेल अशा जाळीवर उपडा ठेवून वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास धागे आणि फडक्याचा वास ग्लासात उतरतो. बंद कपाटात उपडा ठेवल्यास लाकडाचा वास आत कोंडतो.

ग्लास स्वच्छ आहे की नाही, हे ठरवणे अवघड नाही. तो पाण्यात बुडवून बाहेर काढल्यावर आतल्या बाजूवर पाण्याचा एकसंध पडदा राहिला तर ग्लास स्वच्छ. पाणी तुटून थेंब थेंब झाले तर चिकटपणा शिल्लक आहे. ओल्या ग्लासात मीठ भुरभुरले तर तेलकट जागी ते चिकटत नाही आणि नेमका डाग दिसतो. बिअर ओतल्यानंतर कडेला चिकटून बसलेले बुडबुडे अनेकांना ताजेपणाचे लक्षण वाटतात, पण तो मळाचा पुरावा असतो. याउलट तळाच्या मध्यभागातून सतत वर येणारी बुडबुड्यांची धार दिसली तर घाबरू नये, कारण काही ग्लासांच्या तळाशी त्यासाठी मुद्दाम बारीक खरवड केलेली असते.

ग्लास फ्रीझरमध्ये ठेवण्याची सवयही सोडावी. आतल्या बाजूला जमलेले हिमकण बिअर ओतताच फसफसून फेस वाढवतात, विरघळून ती पातळ करतात आणि अतिथंडीमुळे सुगंध दबतो. हलक्या लागरला (थंड तापमानात आंबवलेल्या बिअरला) ४ ते ७ अंश सेल्सिअस, तर एलला (तुलनेने उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरला) साधारण ८ ते १२ अंश पुरेसे असतात. ग्लासांच्या आकारांवर फार खर्च करू नये, असे माझे मत आहे: ट्यूलिपच्या फुलासारख्या आकाराचा एक चांगला ग्लास बहुतेक प्रकारांना न्याय देतो, आणि गव्हाच्या बिअरची आवड असेल तर अर्धा लिटर बिअर आणि वर तिचा भरघोस फेस मावेल असा उंच ग्लास घ्यावा.

घरी बिअर बनवणाऱ्यांची फसगत मोजमापाच्या उपकरणांत होते. रिफ्रॅक्टोमीटर साखरेचे प्रमाण प्रकाशाच्या वक्रीभवनावरून दाखवतो, पण किण्वन म्हणजे आंबण्याची प्रक्रिया सुरू होऊन अल्कोहोल तयार झाले की तो आकडा तसाच वाचता येत नाही. १.०५० घनतेपासून (पाण्याची घनता १ धरून) सुरू झालेली बिअर १.०१२ वर पोचलेली असली तरी हे यंत्र १.०२५ च्या आसपास दाखवते. मग किण्वन अडले असे समजून लोक पुन्हा यीस्ट घालतात. मीही हे एकदा केले आहे. अशा वेळी दुरुस्तीचे सूत्र वापरावे किंवा सरळ हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी) घ्यावा. हायड्रोमीटरवर तो ज्या तापमानाला अचूक मोजतो ते प्रमाण तापमान लिहिलेले असते, बहुधा २० अंश. नमुना ४० अंशांवर असताना मोजला तर आकडा सुमारे ०.००६ ने कमी येतो. मोजण्यापूर्वी हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरवावा, नाहीतर त्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त येतो.

केगमधून (बिअर दाबाखाली साठवण्याच्या धातूच्या पिंपातून) फेसच फेस येऊ लागला की गॅसचा दाब कमी करण्याचा मोह होतो. पण दाब फार उतरवला तर केगपासून तोटीपर्यंतच्या नळीतच वायू बाहेर पडून फेस आणखी वाढतो आणि काही दिवसांत बिअर बेचव होते. ३ अंशांच्या आसपास १० ते १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब बहुतेक एलना पुरतो. म्हणून आधी नळी आणि तोटी गार आहेत का, नळी फार आखूड तर नाही ना, हे पाहावे. नळ्या दर दोन आठवड्यांनी योग्य द्रावणाने धुवाव्यात, कारण आंबूस किंवा लोण्यासारखा वास अनेकदा त्यांतूनच येतो.

उरलेल्या बिअरसाठी वाइनचा निर्वात पंप वापरू नये, कारण तो हवेबरोबर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही खेचून घेतो. ग्राउलर (बिअर भरून नेण्याची मोठी बाटली) घट्ट बंद करून थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. प्रकाशामुळे हॉप्समधील द्रव्यांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि पारदर्शक किंवा हिरव्या काचेपेक्षा तपकिरी काच हा प्रकाश अधिक अडवते. झाकण एकदा उघडले की तो दीड दिवसाच्या आत संपवावा.