पाण्याखालच्या घरगुती वाहनाची बॅटरी किनाऱ्यावरून कशी वाचाल

वाहनात चार सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी (पूर्ण चार्ज 16.8 व्होल्ट) आणि आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) असेल, तर बॅटरीच्या धनापासून 180 किलोओहम आणि तिथून ग्राउंडला 10 किलोओहम रेझिस्टर जोडा, मधला बिंदू ए0 पिनला. 16.8 चे जेमतेम 0.88 व्होल्ट होतात, म्हणून चिपमधला 1.1 व्होल्टचा रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजलं जातं) वापरता येतो. 5 व्होल्टचा रेफरन्स टाळा: मोटर सुरू झाली की तोच डळमळतो आणि आकडा खोटा येतो. 1.1 सुद्धा प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, तेव्हा मल्टिमीटरने एकदा मोजून गुणक ठरवा. 10 किलोओहमला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

थ्रस्टर (वाहन ढकलणारी पंख्याची मोटर) जोर घेताना व्होल्टेज क्षणभर कोसळतंच. 14 व्होल्टच्या खाली सलग 5 सेकंद राहिलं तरच इशारा द्या, नाहीतर बझर उगाच बोंबलत राहील.

डिस्प्ले किनाऱ्यावर ठेवा. 15 मीटर केबलवर आय-टू-सी (जवळजवळच्या चिपमधली डेटा पाठवण्याची पद्धत) भरवशाचं नाही. त्याऐवजी पीळ दिलेल्या तारांच्या जोडीवर आरएस-485 (लांब केबलसाठीची डेटा पद्धत) वापरा, वेग 9600 बॉड, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर. बऱ्याच तयार मॉड्यूलवर तो आधीच असतो, दुसरा चढवू नका. दोन सेकंद डेटा आला नाही तर स्क्रीनवर जुना आकडा नको, रेघा दाखवा.